शुभेच्छांची ही नऊ वाक्यं संस्कृतात बरोबर आहेत का?

शाईपेन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हाताने अक्षरं काढून शुभेच्छापत्रं करायची आहेत आणि मजकूर संस्कृतात हवा आहे. श्लोक नकोत, सुभाषितंही नकोत. मराठीत आपण सहज म्हणतो तसं एका ओळीचं साधं वाक्य हवं. शाळेतलं संस्कृत आणि शब्दकोश यांच्या आधाराने हा कच्चा मसुदा केला आहे:

१. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा – जन्मदिवसस्य हार्दिक शुभेच्छा
२. शंभर वर्षं जगा – जीवेत शरद: शतम
३. तुला उदंड आयुष्य लाभो – तुभ्यं उदंडं आयुष्यं लभतु
४. परीक्षेत यश मिळो – परीक्षे यशः मिलतु
५. सुखी संसारासाठी शुभेच्छा – सुखी संसारस्य शुभेच्छा
६. लवकर बरे व्हा – शीघ्रं स्वस्थ भव
७. सुखरूप प्रवास – शुभ प्रवास
८. नवीन वर्ष सुखाचं जावो – नूतन वर्षं सुखस्य गच्छतु
९. सुस्वागतम्

नुसती दुरुस्त वाक्यं देऊ नका, काय चुकलं आणि का चुकलं तेही सांगा. पुढची पत्रं मला स्वतःला करता यायला हवीत. शिवाय 'तू' आणि 'तुम्ही' हा फरक संस्कृतात कसा दाखवायचा?

रूपावली

ओळ २ आधी घेतो. ही ओळ फलकांवर सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त चुकते.

'जीव्' धातूचं विधिलिङ् (विध्यर्थ), तृतीय पुरुष एकवचन म्हणजे 'जीवेत्': तो किंवा ती जगो. त चा पाय मोडला नाही तर 'जीवेत' उरतं, आणि ते निरर्थक नाही. ते द्वितीय पुरुषाचं बहुवचन आहे, 'तुम्ही सगळे जगा'. एका माणसाच्या पत्रावर ते चालणार नाही. 'शरद:' मध्ये तुम्ही विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकला आहे. शब्द 'शरद्', स्त्रीलिंगी, व्यंजनान्त. किती काळ जगो, या अर्थाने त्याची द्वितीया येते (पाणिनीच्या 'अष्टाध्यायी'तलं सूत्र २.३.५), आणि द्वितीयेचं बहुवचन 'शरदः'. 'शरदं शतम्' असंही लिहिलेलं आढळतं, पण 'शरदं' म्हणजे एकच शरद ऋतू. 'शतम्' मात्र नपुंसकलिंगी एकवचनातच राहतं, आणि त्यातल्या म चा पाय मोडलेला हवा. म्हणजे ओळ झाली 'जीवेत् शरदः शतम्'. संधी करायचा असेल तर 'जीवेच्छरदः शतम्'.

याच ओळीचा भाऊ म्हणजे 'जीवेम शरदः शतम्'. त्याचा अर्थ 'आम्ही शंभर वर्षं जगू या'. यजुर्वेदातल्या प्रार्थनेत तो नेमका बसतो. दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या पत्रावर टाकलात तर आयुष्य स्वतःसाठी मागितल्यासारखं होईल. समोरच्याला थेट उद्देशून म्हणायचं असेल तर ऋग्वेदात (१०.१६१.४) 'शतं जीव शरदो वर्धमानः' आहे. 'वर्धमानः' पुल्लिंगी आहे, त्यामुळे बाईसाठी तेवढा शब्द गाळा. 'शतं शरदो जीव' एवढं पुरतं, आणि मंत्राचे शब्द बदलल्याचा प्रश्नही येत नाही.

आता ओळ ३. हिच्यात मराठी वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा आला आहे. मराठीत आयुष्य 'लाभतं' आणि ते 'तुला' लाभतं. संस्कृतात 'लभ्' म्हणजे मिळवणं, त्यामुळे कर्ता माणूस असतो आणि आयुष्य कर्म. शिवाय हा धातू आत्मनेपदी आहे (त्याला 'लभते'सारखे वेगळे प्रत्यय लागतात), म्हणून 'लभतु' हे रूपच होत नाही. 'लभताम्' किंवा 'लभस्व' होतं. 'उदंड' हा आपला मराठी शब्द आहे. संस्कृतात त्याच्या जवळ दिसणारा 'उद्दण्ड' म्हणजे ज्याने दंड उगारला आहे असा! तेव्हा: 'त्वं दीर्घम् आयुः लभस्व'. मराठीसारखी 'तुला'ची रचनाच हवी असेल तर 'तुभ्यं दीर्घम् आयुः भूयात्'.

बाकीच्या ओळी भराभर सांगतो.

ओळ ४: 'परीक्षा'ची सप्तमी 'परीक्षायाम्'. 'परीक्षे' हे संबोधन आहे, 'अगं परीक्षे' असं. 'मिल्' म्हणजे भेटणं, एकत्र येणं, मिळणं नव्हे. आणि संस्कृत 'यशस्' म्हणजे कीर्ती, मराठीतलं यश नव्हे. म्हणून 'परीक्षायां साफल्यं प्राप्नुहि'.

ओळ ६: विसर्ग राहिला. पुरुषासाठी 'शीघ्रं स्वस्थो भव', स्त्रीसाठी 'शीघ्रं स्वस्था भव'.

ओळ ८: 'गच्छतु' म्हणजे निघून जावो. वर्ष सुखाचं 'जातं' ते मराठीत. संस्कृतात ते सुखमय होतं: 'नूतनं वर्षं सुखमयं भवतु'. 'नूतन' सुटा लिहिलात तर त्याला 'वर्षम्'ची विभक्ती लागतेच.

ओळ ९: 'स्वागतम्' मध्येच सु + आगतम् आहे. 'सुस्वागतम्' मध्ये सु दोनदा येतो. तो शब्द अगदीच बेकायदा म्हणता येत नाही, पण पत्रावर 'स्वागतम्' जास्त नेटकं दिसतं.

तत्सम

रूपावलींनी 'यश'चा उल्लेख ओझरता केला, पण खरा घोटाळा तिथेच होतो. व्याकरण पुस्तकात बघून दुरुस्त करता येतं. शब्द मात्र ओळखीचा वाटतो, म्हणून कोणी तो तपासतच नाही. मराठीत आलेल्या कितीतरी संस्कृत शब्दांचा अर्थ मराठीत सरकला आहे, आणि शुभेच्छांच्या वाक्यांत हेच शब्द सगळ्यात जास्त येतात.

तुमची ओळ ५ बघा. मराठीत 'संसार' म्हणजे घरसंसार. संस्कृतात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा, ज्यातून सुटायचं असतं तो. नवविवाहितांना त्याच्याबद्दल शुभेच्छा देणं बरं नाही. घरसंसारासाठी 'गार्हस्थ्यम्' किंवा 'दाम्पत्यम्' वापरा.

ओळ ७ मधला 'प्रवास' संस्कृतात घर सोडून परगावी राहणं. मराठी प्रवासाला 'यात्रा' किंवा 'प्रयाणम्'. 'यात्रा शुभा भवतु' सरळ आहे, पण निरोपाला संस्कृतात एक घडीव वाक्य आहेच: 'शिवास्ते पन्थानः सन्तु', तुझ्या वाटा कल्याणकारी असोत. मला विचाराल तर हेच घ्या. अनेकांना उद्देशून 'शिवा वः पन्थानः सन्तु'.

आणखी काही: 'प्रकृती' (तिथे स्वभाव, निसर्ग, तब्येतीसाठी 'आरोग्यम्', 'स्वास्थ्यम्'), 'समाधान' (तिथे चित्ताची एकाग्रता किंवा शंकेचं उत्तर, आपल्या समाधानासाठी 'सन्तोषः'), 'शिक्षा' (तिथे शिकवण). 'शिक्षणात प्रगती होवो' असं काही करायला घ्याल तेव्हा 'विद्यायाम् उन्नतिः भवतु' म्हणा.

शब्द मराठीत ओळखीचा आहे म्हणून उचलू नका. संस्कृत कोशात तो उघडा आणि पहिला अर्थ कोणता दिलाय ते पाहा.

अनुबंध

'तू' आणि 'तुम्ही' यांबद्दल सांगते.

संस्कृतात आदरासाठी बहुवचन लागत नाही, 'भवत्' हा वेगळा शब्द आहे. पुरुषाला 'भवान्', स्त्रीला 'भवती'. त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येतं. मराठीत 'आपण यावे' म्हणताना वाक्य जसं थोडं दुरून बोलतं, तसंच हे. 'भवान् विजयी भव' चूक, 'भवान् विजयी भवतु' बरोबर. 'त्वं' असेल तर 'विजयी भव'. स्त्रीसाठी 'विजयिनी', 'यशस्विनी', 'आयुष्मती'. मुलीच्या पत्रावर 'यशस्वी भव' सर्रास लिहिलेलं असतं. मराठीत 'यशस्वी'ला लिंग नाही म्हणून ते कानाला खटकत नाही. आणि 'यशस्'चा संस्कृत अर्थ रूपावली यांनी सांगितलाच आहे.

'ला' ही विभक्ती कोणती घ्यायची? आशीर्वादात चतुर्थी किंवा षष्ठी, दोन्ही चालतात. आयुष्य, भद्र, कुशल, सुख, हित अशा अर्थाच्या शब्दांसाठी पाणिनीने तसं स्पष्ट सांगितलंय (२.३.७३). म्हणून 'तुभ्यं कुशलं भूयात्' आणि 'तव कुशलं भूयात्' दोन्ही शुद्ध. आदराने म्हणायचं तर 'भवते' किंवा 'भवतः', स्त्रीसाठी 'भवत्यै' किंवा 'भवत्याः', अनेकांसाठी 'भवद्भ्यः', आणि सगळ्यांना एकदम 'सर्वेभ्यः'.

'नमः' आणि 'स्वस्ति' यांच्याबरोबर मात्र चतुर्थीच: 'गुरवे नमः', 'स्वस्ति तुभ्यम्'. पण 'नमस्करोमि' हे क्रियापद आलं की 'गुरुं नमस्करोमि', द्वितीया. 'गुरवे नमस्करोमि' असं लिहू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. 'ते' (तुला, तुझा), 'मे', 'वः', 'नः' ही आखूड रूपं वाक्याच्या सुरुवातीला येत नाहीत. 'नमस्ते' चालतं कारण 'ते' दुसऱ्या जागी आहे. पत्राची ओळ 'ते जन्मदिनस्य…' अशी सुरू केलीत तर ती चूक. तिथे 'तव' लिहा.

आणि ओळ १ राहिलीच की! शुभेच्छा अनेक असतात, म्हणून बहुवचन 'शुभेच्छाः'. 'हार्दिक' सुटं लिहिलं तर त्यालाही स्त्रीलिंगी बहुवचन लागतं: 'हार्दिक्यः शुभेच्छाः'. आजच्या संस्कृत बोलण्या-लिहिण्यात 'शुभाशयाः' जास्त रुळलंय, ते पुल्लिंगी: 'जन्मदिने हार्दिकाः शुभाशयाः'. विशेषणाची कटकट नको असेल तर समास करा, 'हार्दिकशुभाशयाः'. पण मग मध्ये जागा सोडायची नाही. जागा सोडलीत की ते दोन शब्द होतात आणि पहिल्याला विभक्ती नसते. मराठीतली बरीच वाक्यं संस्कृतात चुकतात ती या एका रिकाम्या जागेमुळे.

शाईपेन

फार उपयोग झाला, मनापासून आभार. तीन शंका आहेत. लग्नाचं पत्र दोघांना असतं, तिथे बहुवचनच ना? नावं घालायची तर ती कशी चालवायची? आणि संधी करायचा की नाही? 'स्वस्थः भव' वाचायला सोपं आहे, 'स्वस्थो भव' लोकांना छपाईची चूक वाटेल.

रूपावली

दोघांना बहुवचन नाही, द्विवचन. मराठीत ते नाही म्हणून आपण हमखास विसरतो. 'युवां सुखिनौ भवतम्' (तुम्ही दोघं सुखी व्हा), 'युवयोः गार्हस्थ्यं सुखमयं भवतु', 'युवाभ्यां विवाहस्य शुभाशयाः'. स्त्री आणि पुरुष मिळून असतील तर पुल्लिंगी द्विवचन, 'सुखिनौ'. दोघी बहिणींना पत्र असेल तर 'सुखिन्यौ'. आदराने किंवा त्रयस्थपणे 'दम्पती सुखिनौ भवताम्'. इथे 'दम्पती' हे द्विवचनच आहे.

नावं. हाक मारायची असेल तर संबोधन: अकारान्त नाव तसंच राहतं (केशव), आकारान्त स्त्रीलिंगी एकारान्त होतं (राधे), दीर्घ ईकारान्त स्त्रीलिंगी ऱ्हस्व होतं (गौरि), ऱ्हस्व इकारान्त एकारान्त होतं (अदिते). नाती: मातः, पितः, भ्रातः, भगिनि. 'चा, ची' हवं असेल तर केशवस्य, राधायाः, गौर्याः, अदितेः. नाव किंवा आडनाव संस्कृत नसेल तर त्याला प्रत्यय जोडायची धडपड करू नका. पुढे 'महोदय' लावा आणि तो चालवा: जोशीमहोदयस्य, जोशीमहोदयायाः. मूळ नाव अबाधित राहतं आणि वाक्यही शुद्ध होतं.

सणांच्या नावांनाही हेच. 'दीपावली शुभाशयाः' नव्हे, 'दीपावल्याः शुभाशयाः'. पाडव्याला 'वर्षप्रतिपदः', दसऱ्याला 'विजयादशम्याः', संक्रांतीला 'मकरसङ्क्रान्तेः'.

अनुबंध

संधीबद्दल परंपरेतलीच कारिका (नियम सांगणारा श्लोक) सांगते: एका पदात, धातू-उपसर्गात आणि समासात संधी नित्य; वाक्यात बोलणाऱ्याच्या इच्छेवर. म्हणून 'स्वस्थः भव' शुद्ध आहे, बिनधास्त लिहा. 'दीर्घायुः भव' किंवा 'दीर्घायुर्भव', दोन्ही चालतील. ('दीर्घायुषी भव' मात्र नको. 'दीर्घायुषी' ही मराठीची घडण आहे.) पण 'नूतनवर्ष अभिनन्दनम्' असं समास अर्धवट सोडून लिहू नका, 'नूतनवर्षाभिनन्दनम्' व्हायलाच हवं. 'पुनर्मिलामः' सुद्धा सवयीचं आहे, तसंच ठेवा. 'पुनः'चा विसर्ग मुळात र् आहे, म्हणून तो तसा परत दिसतो.

म चं वेगळं आहे. पुढे व्यंजन असेल तर अनुस्वार: 'शुभं भवतु'. पुढे स्वर असेल किंवा ओळ संपत असेल तर म्: 'शुभम् अस्तु' किंवा 'शुभमस्तु', आणि शेवटी 'स्वागतम्'. 'शुभं अस्तु' आणि ओळीच्या शेवटी 'स्वागतं' टाळा. तुमच्या मसुद्यात 'तुभ्यं उदंडं आयुष्यं' आहे, तिथे हीच चूक दोनदा झाली आहे.

तत्सम

'शुभेच्छा' हा शब्द कोणी बाद करू नये एवढंच म्हणायचं आहे. शुभ + इच्छा, संधी निर्दोष, आणि योगवासिष्ठात ज्ञानाच्या सात भूमिकांपैकी पहिलीचं नावच 'शुभेच्छा' आहे. तिथला अर्थ साधकाच्या मनातली शुभाची ओढ हा आहे, दुसऱ्याला दिलेली शुभेच्छा नव्हे, हे खरं. पण 'शुभाशय' आणि 'शुभकामना' हेही या अर्थाने अलीकडेच रुळलेले शब्द आहेत. मराठी वाचकाच्या हातात पत्र जाणार असेल तर 'हार्दिक्यः शुभेच्छाः' त्याला चटकन जवळचं वाटेल.

जुळारी

मजकूर पक्का झाला, आता कागदावर उतरतानाच्या चुका.

विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला सारखे, पण चिन्हं वेगळी. विसर्ग अक्षराला चिकटतो. अपूर्णविराम सुटा राहतो आणि ओळ मोडताना कधीकधी खाली एकटा जातो. संगणकावर मजकूर असेल तर छापण्याआधी फाइलमध्ये अपूर्णविराम शोधा आणि जिथे सापडेल तिथे विसर्ग टाका. अवग्रहाच्या (ऽ) जागी रोमन 'एस' टाकलेला असतो, तोही शोधा. 'अनुगृहीतोऽस्मि' मध्ये ते लगेच दिसून येतं. (या शब्दात 'गृ' आणि दीर्घ 'ही' आहे. 'अनुग्रहित' नव्हे.)

ऱ्हस्व-दीर्घ. मराठी लेखनाचे नियम तत्सम शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायला सांगतात: रात्री, शांती, प्रगती, गुरू. संस्कृतात ते ऱ्हस्व आणि प्रथमेला विसर्गासह: रात्रिः, शान्तिः, प्रगतिः, गुरुः. म्हणून 'शुभरात्रिः'. टंकताना आपोआप शब्द सुचवणारी सोय बंद ठेवा, ती मराठी रूप घुसवते. 'मंगळ' नव्हे, 'मङ्गलम्'.

अनुस्वार की परसवर्ण (पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक)? शब्दाच्या आत 'अभिनन्दनम्', 'मङ्गलम्', 'चिरञ्जीवी' हे व्याकरणाला धरून. छापील पुस्तकांत अनुस्वारही स्वीकारलेला आहे. तुमच्या अक्षराच्या वळणात 'ङ्ग' नीट बसत नसेल तर अनुस्वार द्या, पण एका पत्रावर एकच पद्धत.

हाताने लिहिताना मोडलेल्या पायासाठी खाली जागा धरून चला. ओळीतलं शेवटचं 'म्' खालच्या नक्षीला टेकलं तर तो पाय नक्षीतच हरवतो, आणि 'स्वागतम्'चं 'स्वागतम' होतं. तसंच 'जीवेत्'चं 'जीवेत'. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या निदान दीडपट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे पाय आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकत नाहीत.

गुगल भाषांतरात २०२२ पासून संस्कृत आहे, पण पत्रासाठी त्यावर विसंबू नका. 'तुला', 'तुम्हाला' या मराठी शब्दांत समोर पुरुष आहे की स्त्री हे कुठेच नसतं, आणि 'तुम्हाला'मध्ये एक आहे की दोघं हेही नसतं. यंत्र त्यातलं एक रूप निवडून मोकळं होतं.

शाईपेन

पत्र कोणाला जाणार हे आधी माहीत नसेल, तर स्त्री-पुरुष आणि तू-आपण सगळ्यांना चालेल अशी एखादी ओळ आहे का? मी 'भवान् चिरं जीव' असं केलं होतं.

अनुबंध

'भवान्' असेल तर 'जीवतु', आणि 'भवान्' आला की पत्र पुरुषाचंच झालं. 'चिरं जीवतात्' लिहा. आशीर्वादात 'तु' आणि 'हि' या दोन्ही प्रत्ययांच्या जागी विकल्पाने 'तात्' येतो (पाणिनी ७.१.३५), म्हणून हे एकच रूप 'तू जग' आणि 'आपण जगावं' दोन्हींना चालतं, आणि त्यात लिंगाचा प्रश्नच नाही. फक्त एका व्यक्तीसाठी वापरा. दोघांना किंवा घरातल्या सगळ्यांना पत्र असेल तर 'शुभं भूयात्'.